वहिवाट

फ्रेडरिक वाइजमनचा 'मेन्यू-प्लेझीर' हा त्र्वाग्रो कुटुंबाच्या हॉटेलवरचा चार तासांचा माहितीपट संपला आणि शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "जागा सोडली ना? मग कसलं जुनं हॉटेल!" एवढा वेळ दुसऱ्याचं स्वयंपाकघर बघून माणसाला हेच सुचावं, याचा मला रागच आला.

त्र्वाग्रो कुटुंबानं १९३० मध्ये फ्रान्समधल्या रोआनच्या स्टेशनसमोर हॉटेल मांडलं आणि २०१७ मध्ये ते जवळच्या ऊश गावी नेलं. मिशेलिनचा तिसरा तारा १९६८ पासून आहे, वगैरे वगैरे.

वारसा आणि वहिवाट यांत फरक करायची मला जुनी खोड आहे. वारसा बापामागे आपोआप येतो. वहिवाट रोज पायांनी राखावी लागते. हॉटेल मांडणारा जाँ-बाप्तिस्त बाहेर गिऱ्हाइकं नि वाइन बघायचा, त्याची बायको मारी चुलीपाशी. मग जाँ आणि पिएर ही मुलं, मग पिएरचा मिशेल, आता त्याचे सेझार आणि लिओ. यात जागा कुठे आली?

त्यांचा गाजलेला सामन मासा घ्या. पातळ काप, तव्यावर काही क्षणच. आणि सॉस माशावर न ओतता मासाच सॉसवर ठेवायचा. सॉसला आंबटपणा ओझेय नावाच्या पाल्याचा. हा आपल्या आंबट चुक्याचा चुलतभाऊ, दोघंही रूमेक्स. शिजला की तसाच कळकट खाकी होतो. त्या आंबटाला आवरायला आपण गूळ घालतो, ते क्रीम घालतात. (क्रीम घालून चुका एकदा करून पाहिला. घरच्यांनी पुन्हा गूळ मागितला.)

पण मित्राला हरवण्यासाठी दाखले जमवताना फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज आडवा आला. त्याच्या आजोबांनी हॉटेल विकलं ते आडनावासकट. पुढे कोलोंझ गावी नातवानं तारे मिळवले, चुलीवर त्याचाच हात, तरी दारावर बोक्यूज लिहायची सोय नव्हती. शेवटी त्यानं स्वतःचं आडनाव पैसे मोजून परत घेतलं. माझ्या हिशेबानं हा वेडेपणा. वहिवाट त्याचीच होती, पाटी कशाला हवी? पण इतका हिशेबी माणूस उगाच पैसे मोजणार नाही. लोक नुसतं जेवायला येत नाहीत. कुठे आणि कुणाकडे जेवलो, हे त्यांना परतल्यावर सांगायचं असतं.

रोआनचं स्टेशन त्र्वाग्रोंच्या त्याच पदार्थाच्या सन्मानार्थ सामनच्या गुलाबी आणि ओझेयच्या हिरव्या रंगांत रंगवलं होतं. त्या रंगांसमोरचं दार सोडून हॉटेल गेलं आहे, आणि मित्राला नेमकं तेच खुपलं होतं.