चढउतारांचं वय

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आमच्याकडे वाद पेटला तो विमानांवरून. धाकटीला पुढच्या महिन्यात प्रवास करायचा आहे. तिकीट काढताना तिनं आपण बसणार ते विमान किती वर्षांचं आहे तेही शोधून काढलं आणि जवळजवळ ओरडलीच, "आबा, हे विमान माझ्याएवढं आहे. एकवीस वर्षांचं! एवढ्या जुन्यात बसायचं?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "काहून गं? एकवीस म्हणजे त्याची गद्धेपंचविशीसुद्धा सरली नाही अजून."

झालं. पुढचे दोन तास कोणी वामकुक्षीला गेलं नाही.

आबा नागपूरचे. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात सगळं घर अंगणात बाजा टाकून झोपायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या बाजूनं विमानांची घरघर यायची. १९४९ साली सुरू झालेली ती रात्रीची हवाई टपाल सेवा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि देशाच्या मध्यावर, नागपूरला, एकत्र यायची. तिथं टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, उतारूही एका विमानातून दुसऱ्यात बसायचे, आणि उजाडेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. त्या विमानांत डाकोटा होते. आबांना झोपेतही तो आवाज कळायचा, असं ते सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा हात हवेत हळूच वळण घेतो, धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानासारखा.

डाकोटाबद्दल आबा बोलतात ते अभिमानानं, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. डाकोटा म्हणजे मुळात डग्लस कंपनीचं डीसी-३. त्यानं पहिलं उड्डाण केलं १७ डिसेंबर १९३५ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या उड्डाणाला बरोबर ३२ वर्षं झाली त्या दिवशी. युद्धकाळात त्याचीच लष्करी भावंडं हजारोंनी बनली. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर शीख रेजिमेंटचे जवान उतरले ते डाकोटातूनच. आज नव्वदी ओलांडल्यावरही हे विमान पूर्णपणे जमिनीवर आलेलं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला एक कंपनी जुन्या डीसी-३ ना टर्बाइन इंजिनं बसवते आणि त्यातली काही विमानं स्की लावून अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरतात. आपल्या वायुदलाकडेही एक डाकोटा आहे. भंगारात पडलेलं ते विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त झालं, २०१८ मध्ये उडत उडत भारतात आलं आणि त्याचं नाव ठेवलं 'परशुराम'. चिरंजीवाचं नाव! ज्याला सुचलं त्याला नमस्कार.

"म्हणून म्हणतो, जुनं ते सोनं," आबा म्हणाले.

धाकटी हार मानणारी नाही. तिनं फ्लॉपी काढली. म्हणजे फ्लॉपीची बातमी. २०२० मध्ये सेवेतून काढलेल्या एका जंबो जेटमध्ये, बोइंग ७४७-४०० मध्ये, संगणक सुरक्षेच्या अभ्यासकांना फिरायला मिळालं. आत त्यांना सापडली साडेतीन इंची फ्लॉपी घालायची खाच. विमानाला मार्ग दाखवणारी माहिती दर २८ दिवसांनी ताजी करावी लागते, आणि त्या विमानात ती फ्लॉपीवरून भरली जायची. "आबा, मी फ्लॉपी फक्त 'सेव्ह'च्या चित्रात बघितलीये. आणि तुम्ही त्यावर चारशे माणसं उडवता?"

या ठिकाणी मी मध्ये पडलो, कारण मला फ्लॉपीची बाजू घ्यावीशी वाटली. ७४७-४०० नं पहिलं उड्डाण केलं १९८८ मध्ये. तेव्हा फ्लॉपी हीच चांगली, सुटसुटीत गोष्ट होती. पुढे घराघरांतून ती गेली, पण विमानातली एखादी वस्तू बदलायची म्हणजे दुकानातून नवी आणून लावायची, असं होत नाही. नवा भाग बसवला की तो थंडीत, धक्क्यात, विजेच्या गडबडीत नीट चालतो, शेजारच्या कुठल्याही यंत्राला त्रास देत नाही, हे नव्यानं सिद्ध करावं लागतं, कागदोपत्री मान्यता घ्यावी लागते. जी गोष्ट वीस वर्षं बिनबोभाट काम करते आहे, तिच्यासाठी एवढा खटाटोप करायचा तर कारणही तेवढंच मोठं हवं. जपानच्या सरकारनं कचेऱ्यांतल्या कामकाजातून फ्लॉपीची सक्ती पुरती हटवली ती २०२४ मध्ये, आणि तिथं तर साधे अर्जच भरायचे होते. मला त्या २८ दिवसांचं जास्त कौतुक वाटतं. चार आठवड्यांनी कोणीतरी माणूस चकत्या घेऊन विमानात चढायचा, एकेक करून भरायचा, झालं की खातरजमा करायचा.

कॉन्कॉर्डचाही विषय निघाला, तो निघतोच. लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत पोचवणारं विमान २००३ मध्ये बंद झालं आणि आता आपण तोच प्रवास दुप्पट वेळ घालवून करतो. धाकटीच्या 'नवं ते चांगलं'ला हा मोठा अडथळा, आणि आबांच्या 'जुनं ते सोनं'लाही, कारण सोनं असून ते टिकलं नाही. पॅरिसचा २००० सालचा अपघात, घटलेले प्रवासी, इंधनाचा खर्च ही कारणं होतीच. पण शेवटचा घाव पडला तो एअरबसनं देखभालीचा आधार काढून घ्यायचं ठरवलं तेव्हा. सुटे भाग मिळणार नाहीत म्हटल्यावर ध्वनीपेक्षा दुप्पट वेग असून काय करायचं?

मला या दोघांना सांगायची होती ती गोष्ट निराळीच होती. विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही. ते चढउतारांत मोजतात. देखभाल करणारी माणसं त्याला 'सायकल' म्हणतात. एकदा वर गेलं, एकदा खाली आलं, की झाली एक सायकल. जेट विमान उंचावर जातं तेव्हा आपल्याला श्वास घेता यावा म्हणून आत हवेचा दाब राखावा लागतो. बाहेर हवा विरळ, आत दाट. त्यामुळे विमानाचं धड किंचित फुगतं आणि उतरताना पुन्हा आकसतं. हजारो वेळा फुगणं, हजारो वेळा आकसणं. तार पुढेमागे वाकवत राहिलं की शेवटी ती तुटते, तसा पत्राही थकतो. डाकोटा कमी उंचीवरून उडायचे, आत दाब भरायचाच नसे, म्हणून त्यांच्या अंगाला हा थकवा लागला नाही. आबांच्या सोन्याचं रहस्य निम्मं इथं आहे.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं. विमान १९ वर्षांचं, म्हणजे धाकटीच्या विमानापेक्षा लहान. पण बेटाबेटांमध्ये अर्ध्याअर्ध्या तासाच्या फेऱ्या मारून मारून त्याचे ८९,६८० चढउतार झाले होते. शिवाय रोजची समुद्राची खारी हवा. २४,००० फुटांवर त्याच्या पुढच्या भागाचं छत एकाएकी उडून गेलं. उतारू उघड्या आकाशाखाली बसलेले, आणि वैमानिकांनी त्या स्थितीत विमान माउई बेटावर उतरवलं. ९५ जणांपैकी एक हवाईसेविका गेली, बाकी सगळे वाचले. चौकशीत निघालं की पत्र्यांच्या सांध्यांतला चिकटथर सुटला होता, गंज शिरला होता, सगळा भार रिव्हेटांवर येऊन त्यांच्या भोकांभोवती बारीक चिरा पडत गेल्या होत्या. आणि आणखी एक गोष्ट निघाली, ती मी वाचली तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळच्या पत्र्यावर चीर दिसली होती. तिनं कोणाला सांगितलं नाही.

हे ऐकल्यावर धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी चढताना बघीन. आणि दिसलं तर सांगीन."

त्या अपघातानंतर जुन्या विमानांकडे बघायची सगळ्या जगाची रीत बदलली. काही वर्षांतून एकदा विमान हँगरमध्ये घेऊन जवळजवळ सोलतात. आसनं काढतात, आतली आवरणं काढतात, कित्येकदा रंगही खरवडतात आणि पत्र्याचा तळहाताएवढा तुकडाही न सोडता चिरा शोधतात. आबांना याचा आनंद वेगळाच, कारण असं एक मोठं देखभाल केंद्र त्यांच्या नागपुरात, मिहानमध्ये आहे. जिथं मध्यरात्री टपालाच्या पिशव्या बदलल्या जायच्या, त्याच बाजूला आता विमानांची हाडं तपासली जातात.

आमच्या आजीकडे पितळेची पातेली होती. कल्हईवाला आळीत आला की ती ढिगानं बाहेर यायची. तो खड्डा करून कोळसा पेटवायचा, भाता मारायचा, तापल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कथलाची चांदी बोळ्यानं आतून सर्रकन फिरायची. पातेली आजीच्या सासूच्या काळातली. ती जुनी झाल्यामुळे कोणी आजारी पडलं नाही. पण कल्हई उडालेल्या पातेल्यात एकदा ताक ठेवलं गेलं आणि ते कळकलं, तेव्हा आजी पातेल्यावर चिडली नाही, घरातल्या सगळ्यांवर चिडली. तुमच्यापैकी एकालाही दिसलं नाही? माझ्या लेखी विमानाचा सगळा प्रश्न आजीच्या त्या प्रश्नात आहे.

आपल्या एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', १९७१ मध्ये मुंबईत आलं. प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्यासारखा झरोका रंगवलेला. त्या ताफ्यातल्या शेवटच्या विमानांपैकी एक २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून अमेरिकेला मोडीत निघण्यासाठी गेलं. उड्डाण केल्यावर वैमानिकांनी पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवले आणि मुंबईचा निरोप घेतला. ती चित्रफीत बघताना आमच्या घरात कोणी बोललं नाही. मोडीत जाणं वाईट नाही. भांडंही शेवटी मोडीत जातंच, पण घरातल्या कोणीतरी ते हातात घेऊन, वजन बघून, मन घट्ट करून दिलेलं असतं.

म्हणून त्यानंतरच्या वर्षी आलेली बातमी मला लागली. लोकांनी तिच्यावर भरपूर हसून घेतलं आणि ती होतीही गमतीची. कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात एक बोइंग ७३७ तेरा वर्षं उभं होतं. २०१२ मध्ये त्याचं उडणं थांबलं. कंपन्यांचं विलीनीकरण त्याआधीच झालं होतं, पुढे मालकीही बदलली, वह्या एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेल्या आणि त्या हस्तांतरात हे विमान यादीतून गळालं. विमानतळानं एक दिवस विचारलं, तुमचं विमान नेता का? एअर इंडियानं आधी कागद तपासले, तेव्हा कळलं की खरंच, ते आपलंच आहे. तोवर उभं राहण्याचं भाडं एक कोटीच्या घरात गेलं होतं. ते विमान कोसळलं नव्हतं, चोरीला गेलं नव्हतं. तेरा पावसाळे ते तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक विमानाच्या नजरेसमोर उभं होतं. त्याच्या नावाची ओळ तेवढी कोणत्याच वहीत उरली नव्हती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला रस्त्यानं बेंगळुरूला नेलं. इंजिनं अजून अंगावर होती. तिथं देखभालीचं काम शिकणाऱ्यांना ते शिकायला मिळणार आहे. मुलं त्याची झाकणं उघडतील, रिव्हेटांवरून बोटं फिरवतील, गंज कुठे लागलाय ते वहीत लिहितील.

मी हे सगळं वाचून दाखवलं. शेवटी बातमीत एक ओळ होती की शेवटच्या काळात हे विमान टपाल खात्यासाठी उडत होतं, अंगावर भारतीय डाकेचे रंग होते.

आबा उठून बसले. "टपालाचं होतं?"

"हो, आबा."

त्यांनी चष्मा लावला, धाकटीच्या हातातून फोन घेतला आणि त्या धुळीनं माखलेल्या विमानाचं चित्र दोन बोटांनी मोठं करून बराच वेळ बघत राहिले. मग तिला विचारलं, "नेताना आत कोणी बघितलं असेल ना गं नीट? एखादी पिशवी राहिली तर नसेल?"