स्वल्पविरामाचे गुण

ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम बदलायचा विषय निघाला की मी विद्यार्थ्यांना पुढे करते. 'मुलांचं काय होणार?' हा प्रश्न विचारायला सोपा आणि ऐकायला बरा. खरं कारण इतकं देखणं नाही. तालिकीकरणाचं प्रात्यक्षिक मी झोपेतही शिकवू शकते, पायथन ही संगणकभाषा मला येत नाही. जे येतं त्याचे तास घटणार आणि जे येत नाही त्याचे वाढणार, ही धास्ती माझी आहे. मुलांची नाही.

मागे अभ्यासमंडळाच्या बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं, की तालिकीकरणाचे तास निम्मे करू आणि संशोधन डेटाच्या व्यवस्थापनाचा पेपर आणू. मी म्हणाले, "पायाच उखडायचा का?" चार माना डोलल्या, विषय पुढच्या बैठकीवर गेला. घरी परतताना मला हलकं वाटत होतं. मुलांचं हित राखलं म्हणून? नाही. मी जिंकले होते म्हणून.

त्याच बैठकीत 'बाहेरच्या शाखांची माणसं येऊन आपलं शास्त्र शिकवणार' असंही मी बोलून गेले. आणि रंगनाथनांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवर मी दरवर्षी न चुकता प्रश्न काढते! रंगनाथन गणिताचे प्राध्यापक. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते तिथल्या एकाकीपणाला इतके कंटाळले की पुन्हा गणित शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. मग लंडनला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि त्यांचं मन फिरलं. १९३१मध्ये पाच सूत्रं आली, १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण. त्याआधी बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये विल्यम बोर्डन यांना आणलं, त्यांनी पुढच्या वर्षी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. तेही थेट अमेरिकेहून आलेले. परक्यांचं मला वावडं आहे, की फक्त माझ्यानंतर आलेल्या परक्यांचं?

बरं, मी ज्याला पाया म्हणते त्यात आहे तरी काय? नियतकालिकांच्या प्रकरणात मी आजही कार्डेक्स शिकवते. अंक आला की नोंद करायची, नाही आला तर एजंटाला स्मरणपत्र धाडायचं. हे मी मन लावून शिकवते, कारण नोकरीच्या सुरुवातीची वर्षं मी त्यातच घालवली. दरम्यान १ जानेवारी २०२५पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं, केंद्र आणि राज्यांच्या ६,३००हून अधिक शासकीय संस्थांना एकत्रित वर्गणीत. समन्वय इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे १९९१मध्ये आपल्या पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान केंद्राच्या छायेत प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या संस्थेकडे. या योजनेत आलेल्या संस्थेतल्या ग्रंथपालाने आता स्मरणपत्र कुणाला लिहायचं? त्याच्यापुढचा पेच वेगळाच आहे. एवढा साठा दारात आलाय, आणि तो उघडून कसा बघायचा हे पदव्युत्तरच्या मुलांना माहीत नाही. ते शिकवायची तयारी मी माझ्या विद्यार्थ्यांकडून किती करून घेतली?

अलीकडे एका गोष्टीने मात्र मला चांगलंच गाठलं. विद्यार्थ्यांना विषयवार संदर्भसूची करायला सांगितली होती. एक सूची सुबक होती. आडनाव आधी, मग वर्ष, शीर्षक तिरप्या अक्षरांत, स्वल्पविराम आणि पूर्णविराम जिथल्या तिथे. मी गुण देऊन मोकळी झाले असते. एक शीर्षक ओळखीचं वाटलं म्हणून, तो ग्रंथ आपल्याकडे आहे का, एवढंच बघायला गेले. आपल्याकडे नव्हता. कुठेच नव्हता. त्या नावाचा ग्रंथ त्या लेखकाने लिहिलेलाच नव्हता. सूची चॅटजीपीटीने करून दिली होती आणि तिच्यातल्या बऱ्याच नोंदी अशाच हवेतल्या निघाल्या.

ती सूची देणाऱ्या मुलीला मी बोलले, ते बोलायलाच हवं होतं. पण रात्री माझा गुणांचा तक्ता काढून बसले. मांडणीला गुण, वर्णानुक्रमाला गुण, विरामचिन्हांना गुण. नोंदवलेला ग्रंथ जगात आहे का, याला शून्य. तो असतोच, असं आम्ही धरून चाललो होतो. इतकी वर्षं मी रूप तपासत आले आणि त्यालाच शास्त्र म्हणत आले. आता रूप यंत्राला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. मग माझ्याकडे उरलं काय?

इथे दुसऱ्या बाजूला उडी मारायचा मोह होतो. सगळं जुनं काढून टाका, नव्याचे पेपर आणा! पण नव्यातही माझी जुनी सवय शिरू शकते, हे मला दिसतंय. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या मी तपासते. त्यांत एकाच संगणकावरून घेतलेले तेच ते स्क्रीनशॉट असतात, खाली नाव तेवढं वेगळं. मी सही करते. डेटाचा पेपर आला तरी मी असंच करणार नाही कशावरून? अनेक विद्यापीठांत बी.लिब. आणि एम.लिब. या एकेका वर्षाच्या पायऱ्या जाऊन दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आला, नव्या शैक्षणिक धोरणाने त्यात ऑन जॉब ट्रेनिंग घातलं. ढाचा बदलला. माझी सही बदलली का?

आणखी एक ढाल मी वापरते. तालुक्याच्या शासनमान्य वाचनालयात तुटपुंज्या पगारावर काम करत शिकणाऱ्या विद्यार्थिनी. 'त्यांना कशाला हवं तुमचं डेटा सायन्स?' असं मी ठासून विचारते. एकदा त्यांच्यातल्याच एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, कार्डं कोणी बघत नाही. लोक मोबाईल पुढे धरतात आणि विचारतात, ताई, हे खरं आहे का?" तिच्या नावाने मी भांडत होते आणि तिला काय हवं ते तिला कधी विचारलंच नव्हतं.

हे खरं आहे का? आणि हे नेमकं कशाबद्दल आहे? हळूहळू वाटायला लागलंय, की पाया म्हणायचा तर या दोन प्रश्नांना म्हणावा. तालिकीकरण आणि वर्गीकरण त्यांच्यासाठीच तर होतं. वर्गात एखादं दलित आत्मकथन हातात देऊन ड्यूई दशांशात क्रमांक लावायला सांगितला की मुलं अडतात. मराठी साहित्य म्हणून ८९१.४६मध्ये? चरित्र म्हणून ९२०मध्ये? की समाजशास्त्रात दलितांसाठीच्या ३०५.५६८८मध्ये? साहित्यात ठेवलं तर समाजाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती कपाट चाळताना ते लागत नाही. समाजशास्त्रात ठेवलं तर त्याचं साहित्य असणं आपण नाकारलं का? यंत्र यातला एक क्रमांक क्षणात देतं, वर कारणही सांगतं. ते कारण आपल्या वाचनालयातल्या वाचकांना लागू पडतं का, यावर तास दोन तास भांडता येतं. त्या भांडणात तालिकाही येतात, संगणकही येतो, वाचकही येतो. पण परीक्षेत मी काय करत आले? उत्तरसूचीतला क्रमांक जुळतो का ते बघायचं आणि पान उलटायचं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोठा असतो, क्रमांक जुळवणं झटपट होतं.

म्हणून पुढच्या बैठकीत मांडायला दोन गोष्टी लिहून ठेवल्यात. वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात क्रमांकाला थोडे गुण, तो का निवडला याला जास्त. आणि यंत्राने केलेली एक संदर्भसूची परीक्षेतच द्यायची. यातल्या खऱ्या नोंदी कोणत्या, खोट्या कोणत्या आणि कशावरून, हे शोधून लिहायचं. त्या तरुण सहकाऱ्याचा डेटाचा पेपरही या प्रश्नांपासून फार लांब नसावा. तो काय शिकवणार आहे, हे मी त्याला अजून नीट विचारलेलं नाही.

अशा उत्तरपत्रिका तपासायला निदान दुप्पट वेळ लागेल. दोन मुलांची उत्तरं वेगळी असतील आणि दोन्ही बरोबर असू शकतील. पुनर्मूल्यांकनात मला माझ्या गुणांचं समर्थन करावं लागेल. प्रस्ताव लिहून झाल्यावर हे सगळं मनात आलं, आणि वाटून गेलं, बैठकीत तो नामंजूर झाला तर बरं. अजून तसं वाटतंय. तरीही मांडणार आहे.