आमलीत काय कमी आहे?

'वंचित' हा शब्द आपण हल्ली 'गरीब' या अर्थाने सैल हाताने वापरतो. मूळ धातू वंच्, म्हणजे फसवणे. वंचना ही फसवणूक, आणि वंचित म्हणजे फसवला गेलेला. अभावाला कर्ता लागत नाही. पाऊस पडला नाही, नागली पिकली नाही, अभाव झाला. वंचनेमागे मात्र कोणीतरी असावाच लागतो. समाजशास्त्रातली 'वंचितता' या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरते, आणि मोजायला बसले की पोत्यातून अभाव तेवढा बाहेर येतो.

हा भेद आमलीत फार ठळक दिसतो. आमली म्हणजे सरकारी कागदावरचे सिल्वासा, दादरा-नगर हवेलीचे मुख्य गाव. आपल्याला हा मुलूख माहीत असतो तो 2 ऑगस्ट 1954 च्या पोर्तुगीजांपासूनच्या मुक्तीमुळे, आझाद गोमंतक दल आणि सुधीर फडक्यांमुळे. इथले बहुसंख्य वारली, धोडिया, कोकणा या आठवणीत कडेला उभे असतात. मुक्तीनंतर 'आमचा हक्क हिरावला' अशी तक्रार घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कोण गेले? पोर्तुगाल! दमणहून इथे यायची वाट भारताने अडवली, असा त्याचा 1955 चा दावा. 12 एप्रिल 1960 च्या निकालाने खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क मानला, सैन्याला आणि सशस्त्र पोलिसांना तो नाकारला, आणि भारताने काही कर्तव्यभंग केला नाही असे ठरवले. पोर्तुगीज अमदानीत 'अल्वारा' या सनदेने दिलेल्या जमिनींवर राबणाऱ्या वारल्याचे काय, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच.

जमीनसुधारणेचा कायदा 1971 मध्ये आला. पुढे मागास भाग म्हणून करसवलती मिळाल्या आणि कारखाने आले, त्यांत पॉलिस्टर धाग्याचे विशेष. कारखान्यांना सरसकट शिव्या देण्यात मला रस नाही. जुन्या काळात इथे वेठ होती, उपास होता. महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार ही साधी गोष्ट नव्हे. तरीही नीती आयोगाने 2021 मध्ये बहुआयामी गरिबीचा पहिला निर्देशांक काढला, तेव्हा केंद्रशासित प्रदेशांत सर्वांत वर दादरा-नगर हवेली होती: 27.36 टक्के. आकडे 2015-16 च्या पाहणीतले. पोषण, शाळा, सरपण, संडास, पाणी, बँकखाते असे बारा निकष. कारखान्यांची एवढी दाटी असलेल्या मुलखात चारातला एकाहून जास्त माणूस गरीब! पण या बारांत 'तुमच्याकडे आधी काय होते?' असा निकष नाही.

जनगणना थोडी जास्त बोलते. 1991 मध्ये इथल्या वस्तीत आदिवासी सुमारे 79 टक्के होते, 2001 मध्ये 62, 2011 मध्ये 52. आदिवासी घटले नाहीत. एकूण वस्तीच वीस वर्षांत 1,38,477 वरून 3,43,709 झाली. रस्त्याकाठच्या शेतांचे प्लॉट झाले. विकणाऱ्याने कागदावर राजीखुशीने अंगठा दिलेला असतो, म्हणून त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पण भाव ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला नाही, अशा दोघांतल्या राजीखुशीला काय म्हणायचे?

बाहेरून आलेला कामगार तरी सुखात आहे का? 2011 मध्ये इथे हजार पुरुषांमागे 774 स्त्रिया होत्या. आदिवासींमध्ये हे प्रमाण जवळजवळ बरोबरीचे, म्हणजे ही तूट आलेल्यांची. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पुरुष, बायकापोरे दूर गावी. त्यांच्या खात्यात पैसे आहेत, अंगणात मूल नाही. वारल्याने शेत गमावले, याने घर. दोघांना एकमेकांचा शत्रू ठरवणे सोपे, आणि सोयीचेही. मधुबन धरणाचीही गमावण्याचीच गोष्ट. दमणगंगेचे पाणी तुंबून इथली शेते बुडाली, पाणी वापीच्या कारखान्यांना आणि गुजरातच्या कालव्यांना गेले. दुधनीला आता त्याच पाण्यावर सहलीच्या बोटी फिरतात.

मला सर्वांत जास्त खुपते ती कुठल्याच तक्त्यात न बसणारी गोष्ट. 1954 ते 1961 या सात वर्षांत इथला कारभार वरिष्ठ पंचायत चालवत होती. पोर्तुगाल गेलेले, भारत आलेला नव्हता. विलीनीकरणाच्या करारावर सही करायची, तर ती कोणाच्या अधिकारात? म्हणून 11 ऑगस्ट 1961 ला के. जी. बदलानी यांना एका दिवसाचे पंतप्रधान केले गेले आणि त्यांनी नेहरूंबरोबरच्या करारावर सही केली. बदलानी भारतीय प्रशासन सेवेतलेच अधिकारी होते, हे खरे. त्यानंतर इथे विधानसभा कधी आली नाही. संसदेत एक खासदार तेवढा. 26 जानेवारी 2020 ला हा प्रदेश दमण-दीवला जोडला गेला, राजधानी दमणला गेली. त्या वेळी आमलीतल्या कोणाची तशी सहीसुद्धा लागली नाही.