न पिकलेल्या फळाची किंमत

उद्या मोठी होणारी कंपनी आज कशी ओळखावी, हा प्रश्न अलीकडे आपल्या घराघरांत विचारला जातो. मुलांच्या शिक्षणासाठी, हजसाठी काही रक्कम बाजूला ठेवायची असते. व्याज नको असते. मग समभाग उरतात, आणि त्यांतही ज्यांची विक्री व नफा झपाट्याने वाढत आहे अशा कंपन्यांचे समभाग मनात भरतात. असा समभाग हलाल आहे की नाही, याचे उत्तर आता सहज मिळते. त्यासाठी किती किंमत मोजावी, हा प्रश्न मात्र आपण निव्वळ हिशेबाचा समजतो. माझ्या मते तोही दीनचाच प्रश्न आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेतील लोक झाडावरची फळे पिकण्यापूर्वीच विकत असत. तोडणीची वेळ आली की कोणाच्या खजुरांवर रोग पडलेला निघे, आणि वाद प्रेषितांपुढे येत. फळांची पक्वता दिसू लागेपर्यंत ती विकू नयेत, असा आदेश त्यांनी दिला. अल्लाहने फळच रोखून धरले तर विक्रेता आपल्या भावाचे पैसे कोणत्या हक्काने घेणार, असा त्यामागील आशय हदीसमध्ये आला आहे.

याचा अर्थ भविष्य ठाऊक नसलेला प्रत्येक व्यवहार निषिद्ध ठरतो असे नाही. लहान रोपांची बाग विकत घेता येते. मुदारबातही नफा किती होईल हे कोणालाच माहीत नसते, तरीही हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन प्रेषित (स.) स्वतः शामला व्यापारासाठी गेले होते. तेथे नफा आणि जोखीम दोन्हींत वाटा असतो. समभाग हा अशाच बागेचा हिस्सा आहे, म्हणून विद्वानांनी तो अटींसह वैध मानला.

परंतु ज्या समभागामागे वर्षाचा नफा एक रुपया आहे, तो आपण शंभर रुपयांना घेतो तेव्हा त्यातील किती रुपये बागेचे असतात? बहुतांश रक्कम अशा फळांची असते जी अजून मोहोरलेलीही नाहीत. विकणारा ती आजच घेऊन निघून जातो. हे हराम आहे असा फतवा मी देत नाही. तो माझा अधिकारही नाही. मात्र मदीनेच्या त्या बागांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

इन्फोसिसचे उदाहरण पाहावे. 1981 मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी ती सुरू केली. 1993 मध्ये समभाग 95 रुपयांना विक्रीस काढला तेव्हा पुरेसे घेणारे मिळाले नाहीत. कंपनी वाढत होती आणि तिच्यावर कर्ज नव्हते. 2000 च्या मार्चमध्ये त्याच समभागासाठी झुंबड उडाली. त्यानंतरच्या आर्थिक वर्षात कंपनीचा नफा दुपटीहून अधिक झाला, आणि 2001 मध्ये भाव मात्र निम्म्याच्याही खाली आला. झाडाने अधिक फळे दिली, तरी शिखरावर खरेदी करणारा बुडाला. 1993 मध्ये ज्यांनी बाग पाहिली ते थोडे होते. 2000 मध्ये आलेल्यांपैकी बहुतेकांनी फक्त भाव पाहिला.

शरीअत-अनुरूप यादी येथे पुरी पडत नाही. बहारीनच्या आओफी संस्थेच्या मानकानुसार कंपनीचे व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांच्या आत असावे. समजा कर्ज 300 कोटी आणि बाजारमूल्य 800 कोटी आहे. प्रमाण साडेसदतीस टक्के, कंपनी नापास. लोकांच्या हव्यासाने भाव दुप्पट झाला की प्रमाण पावणेएकोणीस टक्क्यांवर येते आणि कंपनी उत्तीर्ण! कर्जातील एक रुपयाही फिटलेला नसतो. काही निर्देशांक कर्जाची तुलना एकूण मालमत्तेशी करतात. मला ती पद्धत अधिक भरवशाची वाटते. ताळेबंद स्वतः उघडून पाहणे तर कोणत्याही पद्धतीत चुकत नाही. वाढ स्वतःच्या कमाईतून होते आहे की उसनवारीवर? दाखवलेल्या विक्रीचे पैसे खरोखर हाती येतात का? अर्थात ताळेबंदच खोटा असेल तर तेही थिटे पडते. सत्यमच्या अध्यक्षांनी 2009 च्या जानेवारीत कबूल केले की पुस्तकांतील पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नव्हती. मापात पाप करणाऱ्यांविषयी सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा आहे, तो हिशेबाच्या वहीलाही लागू आहे.

खरेदी करताना आपला हेतू काय होता, हे जकात काढताना उघड होते. अनेक समकालीन विद्वानांच्या मते, पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या समभागाच्या पूर्ण बाजारभावावर अडीच टक्के जकात द्यावी. लाभांशासाठी जवळ ठेवलेल्या समभागाबाबत कंपनीची रोकड, माल इत्यादींतील आपल्या हिश्श्यावर. दर रमजानला मी वहीत दोन रकाने आखतो. एक नाव असे आहे की ते एका वर्षी या रकान्यात असते, तर दुसऱ्या वर्षी त्या. भाव चढला की मला ते विकावेसे वाटते, उतरला की मी स्वतःला त्या बागेचा भागीदार म्हणवून घेतो. यंदा त्याची जकात पूर्ण बाजारभावावर काढली.