मोठा तुकडा कुणाचा?

आमच्या वाड्यात सामायिक आंब्याचं झाड होतं. त्याचा पिकलेला आंबा मी कधी खाल्ला नाही. पिकेपर्यंत थांबणारा वेडा ठरायचा. म्हणून सगळे कैऱ्याच पाडत.

समुद्राचंही तेच. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर घरच्या-परक्या बोटींनी इतका कॉड ओढला, की १९९२ साली सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली.

आइसलँडनं १९८४ पासून कॉडची वाटणी केली. वर्षाला एकूण किती धरायचा ते आधी ठरवायचं, मग त्यात प्रत्येक बोटीचा हिस्सा. १९९० च्या कायद्यानं हा हिस्सा विकायचीही मोकळीक दिली. हिस्सा पक्का असला की माणूस घाई कशाला करील?

पण कुणाला किती? तर आधीच्या तीन वर्षांत ज्यानं जितका धरला, त्या मानानं! म्हणजे सर्वांत जास्त कैऱ्या पाडणाऱ्या बंड्यालाच मोठा वाटा, तोही फुकट! आणि त्याच कायद्याचं पहिलं कलम म्हणतं, मासे साऱ्या राष्ट्राचे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनंही यात समानता नाही, असंच मत दिलं.

मालक नसला तर मासा उरत नाही. मालक नेमला तर शेजारधर्म उरत नाही. मला विचाराल तर हिस्से हवेतच, पण भाड्यानं. आणि भाडं साऱ्या वाड्याला.

हे सगळं मी जेवताना हिला ऐकवलं.

"ते राहू द्या," सुरमई वाढता वाढता ही म्हणाली, "मोठा तुकडा कुणाला वाढू?"

"मागच्या तीन वर्षांचा हिशेब बघ की!" मी ताट पुढं सरकवलं.