रोबोची पाळी

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी नाशिकला घडवले. मायको (आजची बॉश), महिंद्र, ओझरची एचएएल यांच्या भरवशावर इथल्या कित्येक कुटुंबांनी घर बांधले, मुले शिकवली. 2002 मध्ये आलेली स्कॉर्पिओ नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडली. अशा गावात रोबोचा विचार करायचा तर तो माणसाच्या रोजच्या पाळीपासूनच करावा लागतो.

गाडीच्या सांगाड्याला स्पॉट वेल्डिंग करणारी गन बॅलन्सरला टांगलेली असते, तरी ती तासन्‌तास वळवताना खांदे भरून येतात. ठिणग्या असतात, धूर असतो. हे काम रोबोने घेतले तर त्याचे स्वागतच करायला हवे. 1961 मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो उभा राहिला, तोही तापलेले ओतीव भाग उचलण्यासाठी.

धोका मात्र तिथेच सुरू होतो. 1979 च्या जानेवारीत मिशिगनमधील फ्लॅट रॉक येथे फोर्डच्या ओतकाम कारखान्यात सुटे भाग आणायला रॅकवर चढलेल्या कामगाराच्या डोक्यावर रोबोचा हात आदळला. तो जागीच गेला. 2015 मध्ये हरियाणातील मानेसरलाही एका तरुणाचा असाच बळी गेला. रोबोभोवतीचे कुंपण, दार उघडताच यंत्र थांबवणारे इंटरलॉक आणि लाइट कर्टन यांत काटकसर करणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणे.

नोकरीचा प्रश्न याहून अवघड आहे. 2023 मध्ये जगभरात 5,41,302 नवे औद्योगिक रोबो बसले. त्यांतले निम्म्याहून अधिक चीनमध्ये, भारतात अवघे 8,510. आकडा लहान दिसतो, पण आदल्या वर्षापेक्षा तो 59 टक्क्यांनी वाढलेला होता.

औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ नुसार, यंत्रसामग्री किंवा कामाच्या पद्धतीतल्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याची शक्यता असेल, तर मालकाने 21 दिवस आधी नोटीस द्यायची असे. 2025 च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची तरतूद आहे. कायम कामगाराच्या मागे युनियन उभी राहते, करार होतो, वाटाघाटी होतात. ठेकेदाराकडच्या पोराचे काय? रोबो लाइनवर आला की ठेकेदाराला सांगितले जाते, पुढच्या महिन्यापासून माणसे कमी पाठवा. ती कपात कागदावर कपात म्हणून येतच नाही. रोबोची खरी किंमत मोजतो तो हा मुलगा, आणि त्याच्याशी कुणी बोललेलेही नसते.

दुसरीकडे, जिथे यंत्राने आधी जायला हवे तिथे ते उशिरा पोहोचते. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरतात आणि विषारी वायूने मरतात. अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाला 2023 मध्ये सांगावे लागले. मॅनहोल साफ करणारा बँडिकूट हा रोबो केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी 2018 मध्येच आणला होता. म्हणजे अडचण तंत्राची नाही. सफाई कामगाराचा जीव स्वस्त धरला जातो, म्हणून यंत्रावर खर्च होत नाही.

फवारणीची गोष्टही तीच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत औषधांचे हात सतत चालू असतात. ड्रोनमुळे माणूस त्या तुषारांपासून लांब राहतो. मात्र मांडवावरून फवारलेले औषध पानाखाली आणि घडांत नीट पोहोचवणे कठीण जाते, म्हणून बागायतदार अजून ब्लोअर सोडत नाहीत. विरळणी आणि डिपिंगला तर पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांचेच हात लागतात. त्या हंगामाच्या कमाईवर त्यांच्या घरचे वर्ष बरेचसे निघते.

म्हणून यंत्र कुणाच्या मालकीचे, हे आधी विचारायला हवे. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचतगटाला ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये, मदत मिळते आणि फवारणीचे भाडे गटाकडे येते. पेठ-सुरगाण्याच्या बायकांचे गट यात आधी आले पाहिजेत. सातपूर-अंबडमध्येही नव्या लाइनची ऑर्डर जाण्याआधी ठेकेदारी कामगारांची नावे नोटिशीत यावीत, आणि रोबो चालवायचे, दुरुस्त करायचे प्रशिक्षण त्यांना कंपनीच्या खर्चाने, भरपगारी मिळावे.