मीठ कुणाच्या वाट्याला?

धरणातून पाणी सोडा म्हणून आंदोलनं करणारे शेतकरी आपल्याला ठाऊक आहेत. तमिळनाडूतल्या ओरथुपालयम धरणाखालचे शेतकरी पाणी सोडू नका म्हणत होते. नोय्यल नदीवर 1992 साली पूर्ण झालेलं हे धरण सिंचनासाठीच होतं. पण त्याच्या वरच्या अंगाला तिरुपूर आहे. देशातून निर्यात होणाऱ्या सुती होजिअरीपैकी निम्म्याहून अधिक माल या एका शहरातून जातो. तिथल्या शेकडो डाइंग-ब्लीचिंग कारखान्यांचं पाणी धरणात साठलं आणि पार करूर जिल्ह्यापर्यंत शेती, विहिरी नासल्या.

सगळे रंगाबद्दल बोलतात, कारण लालजांभळी नदी फोटोत उठून दिसते. खरा घात मिठानं केला. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायचा तर पाण्यात भरपूर मीठ घालावं लागतं. गडद छटेला किलोभर कापडामागे अर्धा किलो, कधी त्याहूनही जास्त. रंगाचा मोठा भाग धाग्यात बसतो, मीठ मात्र जवळजवळ सगळं पाण्याबरोबर बाहेर पडतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. विरघळलेलं मीठ काढण्याची त्यांची रचनाच नव्हती. पाणी डोळ्यांना बरं दिसू लागलं, पण शेताच्या दृष्टीनं खारट ते खारटच. ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ या सरकारी शब्दांवर किती भरवसा ठेवायचा, हे आपल्याकडे पंचगंगेकाठी, इचलकरंजीच्या कापड कारखान्यांच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शिरोळकरांना सांगायला नको.

मद्रास उच्च न्यायालयानं 2006 मध्ये सांडपाण्याचा थेंबही नदीत जाऊ देऊ नका असं बजावलं, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारखानदारांची जबाबदारी पक्की केली, आणि तरीही नदी तशीच राहिली म्हणून जानेवारी 2011 मध्ये सातशेच्या आसपास कारखान्यांना टाळं लागलं. त्यानंतर जी यंत्रणा आली ती पाणी गाळते, उकळते, मीठ वेगळं करते आणि पाणी पुन्हा वापरायला देते. काम चांगलं आहे, पण वीज आणि जळण अफाट लागतं, आणि परत न वापरता येणारे मिश्र क्षार गोण्यांत भरून ठेवावे लागतात. छोट्या डाइंगवाल्याला हे पेलेना. दर वाढवून मागावा तर परदेशी खरेदीदाराला बांगलादेश मोकळा आहे. काही जण बुडाले, काहींनी काम दुसऱ्या गावी नेलं, काही चोरून चालवू लागले.

या शहराला लागणारं पाणीही बाहेरचंच. तिरुपूर ते भवानी नदीतून नळानं आणतं. पंचगंगेकाठी वसलेली इचलकरंजीही कृष्णेचं पाणी पिते. तिची वारणेवर, मग दूधगंगेवर नजर गेली तेव्हा तिथली गावं उठली. ती का उठली, हे मला कळतं.

पाण्याचा खर्च टळत नाही आणि दर वाढवून मिळत नाही, मग मालकाच्या हातात आटोक्यात ठेवता येण्याजोगा खर्च उरतो तो मजुरीचा. या पट्ट्यातल्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ योजनेखाली गरीब घरच्या मुलींना साधारण तीन वर्षांसाठी आणलं जाई. लग्नासाठी उपयोगी पडेल अशी एकरकमी रक्कम मुदत संपल्यावर. तोवर वसतिगृह, पहारा, जादा पाळ्या. मुलगी आजारी पडून मध्येच परतली, तर त्या रकमेवर पाणी. याला योजना म्हणणं मला जड जातं. आता शिलाईत बिहार-ओडिशाकडचे मजूर मोठ्या संख्येनं आहेत, आणि पीस रेटवर काम करणाऱ्याला ऑर्डर नसलेल्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही.

या सगळ्यात खरेदीदार कुठेच नव्हता. न्यायालयासमोर शेतकरी होते, कारखानदार होते, सरकार होतं. ज्याच्या दरपत्रकावर हे शहर चालतं तो कधी पक्षकारच झाला नाही. तो होऊ शकतो, हे तमिळनाडूतल्याच दिंडीगुलनं दाखवलं. तिरुपूरच्याच एका निर्यातदार समूहाच्या तिथल्या कारखान्यातल्या दलित तरुणीचा 2021 मध्ये खून झाला. त्यातूनच पुढच्या वर्षी स्त्री कामगारांच्या संघटनेनं लैंगिक छळाविरुद्ध करार घडवून आणला. त्यावर कारखान्याबरोबर खरेदीदार ब्रँड एच अँड एमचीही सही आहे, आणि मालकानं कराराचा भंग केला तर खरेदीदारानं व्यापारी दबाव आणायचा, हे त्यात बांधून घेतलेलं आहे.

पाण्याचाही असाच करार व्हायला हवा. मीठ वेगळं करण्याचा खर्च ऑर्डरमध्ये वेगळ्या ओळीत लिहिला जावा आणि दराच्या घासाघिशीत त्याला कुणी हात लावू नये. तिरुपूरच्या निर्यातदारांनी ही मागणी एकजुटीनं करावी, आणि इचलकरंजीच्या कारखानदारांनी नदी आणखी काळवंडण्याची वाट न पाहता आपल्या व्यापाऱ्यांकडे आजच करावी.